चौथी रेघ

डॉक्टर अनुराधा देवस्थळींनी रीडिंगच्या हॉस्पिटलात एकतीस वर्षं माणसांना भूल दिली आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्यांना वेळेवर जागं केलं. निवृत्त झाल्यावर बागकाम करतील, असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी लॅटिन शिकायला घेतलं. नवरा माधव म्हणाला, "मेलेल्या भाषेशी आता काय बोलणार?" बाई म्हणाल्या, "निदान मध्येच तोडत तरी नाही." बारा वर्षांत त्या इतक्या पुढे गेल्या, की गावच्या इतिहासमंडळात शिलालेख म्हटला की शेवटचा शब्द बाईंचा. अध्यक्ष ग्रॅहॅम रेल्वेतले जुने इंजिनिअर, स्वभावाने गरीब. डॉक्टरबाई बोलल्या की ते मान डोलवायचे.

मागच्या वर्षी एका शेताच्या फाटकाचा खांब मोडला. खांब कसला, रोमन मैलाचा दगड होता तो. पाठीकडची बाजू दोनशे वर्षं कुंपणात लपलेली, म्हणून अक्षरं शाबूत राहिली. बाईंनी ती लावली: अमुक सम्राटाच्या काळी हा दगड गावकऱ्यांनी उभारला, सिल्चेस्टरपासून मैल तीन. सिल्चेस्टरचं रोमन शहर सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिथून उत्तरेला निघालेला रस्ता दोन मैलांवर नांगरटीत गडप होतो. आता कळलं, की तो पुढे गेला होता आणि त्याच्या काठाला चक्क एक गाव होतं. गावकरी असल्याशिवाय दगड कोण उभारणार?

प्रश्न एवढाच, की गाव कुठे. फाटक होतं साडेतीन मैलांवर. दगड मूळचा तिसऱ्या मैलाचा असेल, तर तो दक्षिणेकडून ओढत आणलेला. त्या बाजूला साधं कुरण होतं, त्याला कसलाच धोका नव्हता. उत्तरेच्या शेतात मात्र घरांची नवी वसाहत होणार होती. कौन्सिलने मंडळाचं मत मागवलं. बाईंनी पत्र लिहिलं, खणखणीत: गाव दक्षिणेला आहे, उत्तरेचं शेत रिकामं आहे, तिथे खोदून बघायची गरज नाही. खाली सही ठोकून पाठवूनही दिलं. मतं पाठवायची मुदत शुक्रवारी पाच वाजता संपत होती.

त्या शुक्रवारी दुपारी चैत्राली आली. चैत्राली मंडळातलीच, मूळची नागपूरची, रीडिंगमध्ये सॉफ्टवेअरच्या नोकरीत. तिने दगडाचे दोनशे फोटो काढून कंप्यूटरवर त्याचं मॉडेल केलं होतं. उजेड हवा तिकडून पाडता येत होता.

"काकू, साइडने लाइट टाकला ना, की सगळं एकदम क्लिअर दिसतं," ती म्हणाली. "पण हे लास्ट लाइनमध्ये तीन कसे? मला तर चार रेघा दिसतायत."

"तीनच आहेत गं. चौथी बघ, जरा लांब आहे, उंच आहे. तो नंबर नाही."

"मग काय आहे ते?"

"तो दंड आहे. वाक्य संपलं की—"

बाई थांबल्या. आपलंच वाक्य त्यांच्या कानावर पडलं होतं.

शाळेत श्लोक उतरवताना ओळ संपली की उभी रेघ मारायची, ही सवय हाताला अशी लागली होती, की डोळ्यांनाही लागली. रोमन पाथरवटाला दंड कुठून ठाऊक असणार? तो चार आकडा IV असा नाही, चार उभ्या रेघांनी लिहायचा. कडेला जागा उरली, म्हणून शेवटची रेघ त्याने ऐसपैस मारली, इतकंच. चैत्रालीने उजेड अगदी तिरपा केला. चारही रेघांची खोली एक, प्रत्येकीच्या तळाला सारखाच छोटा आडवा घाव; चौथीही आकड्यातलीच.

मैल चार म्हणजे उत्तरेचं शेत.

स्वयंपाकघरातून माधवरावांनी सगळं ऐकलं होतं. "म्हणजे दंड आता तुलाच," ते म्हणाले. बाईंनी एरवी फाडकन उत्तर दिलं असतं. पण आत्ता त्यांनी पत्राची प्रत पुढे ओढली. एक अख्खं गाव त्यांच्या सहीने विटांखाली जाणार होतं, आणि घड्याळात चार वाजायला वीस मिनिटं होती.

"काकू, सध्या नुसतं लिहा ना, की वाचन अनसर्टन आहे," चैत्राली हळूच म्हणाली. "मग कोणी ब्लेम नाही करणार."

"अनसर्टन कुठे आहे? मी चुकले, ते शंभर टक्के सर्टन आहे. चुकीचं औषध दिलं तर पेशंटला 'बघू, बहुतेक' म्हणतात का? बस, टाइप कर. मी सांगते."

पत्र सहा ओळींचं झालं. माझं आधीचं वाचन चूक आहे. चूक का झाली ते असं. गाव उत्तरेच्या शेतात आहे. खोदून पाहिल्याशिवाय तिथे बांधू देऊ नका. सोबत चार रेघांचं चित्र. चार वाजून दहा मिनिटांनी ते गेलं. मग बाईंनी ग्रॅहॅमना फोन लावला. त्यांना सगळं सांगितलं.

"खरं सांगू का डॉक्टर," ते म्हणाले, "मी पहिल्याच दिवशी चार मोजल्या होत्या. पण तुम्ही इतक्या खात्रीने तीन म्हणालात, मला वाटलं लॅटिनमध्ये तसंच असेल."

ही गोष्ट बाईंना चुकीपेक्षाही जास्त लागली. "ग्रॅहॅम," त्या म्हणाल्या, "यापुढे मला अडवायचं काम तुमचं."

जूनमध्ये कौन्सिलने चाचणीचे चर खणायला लावले. पहिले दोन कोरडे गेले. मंडळातले काहीजण बाईंकडे बघून न बघितल्यासारखं करू लागले. बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. "तिसरा खणा," त्या म्हणाल्या, "रस्ता इथेच आहे." या खेपेला ग्रॅहॅमनी दगडाच्या रेघा स्वतः पुन्हा मोजून पाहिल्या होत्या आणि तेही ठामपणे मागे उभे होते.

तिसऱ्या चरात हातभर खाली खडी लागली, ठोकून बसवलेली, दोन्ही कडांना उतार दिलेली. आणि खडीच्या कडेला भाजून लाल झालेल्या मातीचं एक वर्तुळ, आत राख, एका मडक्याचा काठ. बाई गुडघ्यांची कुरकुर न ऐकता चरात उतरल्या. चूल ओळखायला त्यांना लॅटिन लागलं नाही. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

वर कौन्सिलची पुरातत्त्ववाली मुलगी फॉर्म घेऊन उभी होती. "जागा कोणाच्या वाचनावरून ठरली, काय लिहू?" तिने विचारलं. "आधीचं पत्र फाइलमधून काढता येईल, हवं तर."

"काढू नका," बाई खालूनच म्हणाल्या. "दोन्ही लावा, तारखांसकट. शेत रिकामं म्हणणारी मीच, आणि गाव शोधणारीही मीच. पुढचा माणूस माझं वाचेल, तेव्हा त्याने रेघा स्वतः मोजल्या पाहिजेत."