पत्र्यावरचं मोहोळ

पंकजाला कानाची मशीनं मिळाली तेव्हा ती चाळिशीला टेकली होती. लहानपणी, तिसरीत असताना, मोठा ताप येऊन तिचे कान गेले. ठार बहिरी झाली नाही; शेजारून ट्रॅक्टर गेला किंवा कुणी कानाशी ओरडलं तर काहीतरी हललं एवढं कळायचं. बोलायला आधीच शिकली होती म्हणून बोलणं शाबूत राहिलं, आणि समोरच्याचे ओठ वाचायला ती आपली आपण शिकली. लग्न होऊन ती सोनईच्या बाहेर, घोडेगाव रस्त्याला नवऱ्याच्या, कल्याणच्या वस्तीवर आली. चार गाई, सासू गोजरबाई आणि पुढे मुलगी धनश्री. यांच्यात तिचं छान चाललं होतं. आपल्याला काही कमी आहे असं तिला रोज उठून वाटत नसे.

मशीनचा हट्ट धनश्रीचा. ती आता अकरावीला होती आणि आईला नगरला नेऊन कान तपासून आणायचेच, असं तिने मनावर घेतलं होतं.

"लहानपणी बसवलं हुतं एक," पंकजा म्हणाली. "नुसतं शिट्ट्या मारायचं. मी पेटीत टाकून दिलं."

"आई, ते जुनं झालं. आता तसली नसतात."

नगरला भार्गवी मॅडम म्हणून कान तपासणाऱ्या एक तरुण बाई होत्या. त्यांनी दोन्ही कानांमागे छोटी मशीनं बसवली, मोबाईलवर काहीबाही केलं आणि समोर बसून हळू बोलल्या, "पंकजाताई, सुरुवातीला सगळाच गोंगाट वाटेल. कुठला आवाज कशाचा, ते डोक्याला नव्याने शिकावं लागतं. घाबरायचं नाही. जड झालं की काढून ठेवायची, थोड्या वेळाने पुन्हा घालायची."

पंकजा त्यांच्या ओठांकडे बघत होती. मग तिच्या लक्षात आलं की ओठांच्या जोडीला काहीतरी येतंय, बारीक, थोडं किनरं. बाईमाणसाचा आवाज. तिने धनश्रीकडे बघितलं. "तू बोल बरं कायतरी."

"काय बोलू?" धनश्री म्हणाली आणि रडायला लागली. रडण्याचाही आवाज असतो, हे पंकजा विसरूनच गेली होती.

घरी आल्यावर खरी गंमत सुरू झाली. प्लास्टिकची पिशवी इतकी बडबड करते, हे तिला माहीत नव्हतं. भाकरी थापताना बांगड्या, कढईत फोडणी, गोजरबाईंच्या चपला, सगळे एकदम बोलायचे. पापड खाल्ला तर डोक्यात कुणीतरी फरशी फोडतंय असं वाटलं. प्रत्येक आवाजाला ती धनश्रीला हाक मारायची, "हे काय?" आणि धनश्री सांगायची. नळ. मिक्सर. झाडावरचा होला. साखर कारखान्याचा भोंगा पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती हातातलं पातेलं तसंच टाकून अंगणात पळाली. "काय झालं? कुठं लागली आग?"

गोजरबाई ओट्यावर बसून हसू लागल्या. "अगं, भोंगा हाय तो! रोज वाजतोय. तू या घरात आल्यापासून वाजतोय!"

फ्रिजचं मात्र तिला पटेना. तो सारखा घुमायचा, मधेच थांबायचा, पुन्हा घुमायचा. एका दुपारी घरात कुणी नव्हतं, तेव्हा तिने सरळ बटण बंद केलं आणि शांतपणे शेंगा फोडत बसली. संध्याकाळी गोजरबाईंनी फ्रिज उघडला. नुकत्याच व्यायलेल्या गाईचा खरवस, एवढा मोठा डबा, आंबून गेला होता.

"आत्या, मला वाटलं त्याला जरा इसावा द्यावा," पंकजा म्हणाली. सासूला ती आत्या म्हणत असे.

"फ्रिजला इसावा! आन् मी खरवसाची वाट बघत बसलीय सकाळपासनं!" गोजरबाई रागावल्या खऱ्या, पण शेजारणीला ही गोष्ट सांगताना त्यांनाच हसू आवरेना.

मग गोठ्यातला आवाज सुरू झाला.

सकाळी पंकजा हरणीची धार काढायला बसली होती. हरणी म्हणजे घोडेगावच्या बाजारातून आणलेली तांबडी गाय, दुधाला भरपूर पण स्वभावाने नाजूक. धार बादलीत पडल्याचा आवाज पंकजाला फार आवडला होता. पण त्या आवाजाच्या मागून दुसरा एक आवाज यायचा. हुंऽऽ हुं हुंऽऽ. ती थांबून कान द्यायची, की तो बंद. पुन्हा धार सुरू केली, की थोड्या वेळाने पुन्हा हुंऽऽ.

तिने पंखा बंद करून बघितला. चारा बारीक करायचं कुट्टीचं मशीन तपासलं. मग एकदा भाकऱ्या करतानाही तोच आवाज आला, आणि तिला खात्री पटली की घर आणि गोठा यांच्यामध्ये वर कुठेतरी मधमाश्या आहेत.

"अहो, पत्र्याला मोहोळ लागलंय. आग्या असंल तर गाईंना फोडून खातील. चढून बघा."

कल्याण चहा पीत होता. त्याने एकदा बायकोकडे आणि एकदा आईकडे बघितलं. गोजरबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या घाईने आत निघून गेल्या.

"मोहोळ व्हय?" कल्याण म्हणाला.

"रोज ऐकतेय मी. चढा ना."

कल्याणने शिडी लावली. भर उन्हात तापलेल्या पत्र्यावर तो पोत्यावर गुडघे टेकत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. काठीने वळचण ठोकली, वाकून आढ्याखाली बघितलं. खाली पंकजा पदराने ऊन अडवत उभी होती आणि "तिकडं, तिकडं बघा," असं सांगत होती. तो उतरला तेव्हा त्याचे तळहात लाल झाले होते.

"न्हाई दिसत कुठं," तो म्हणाला. "उठून गेलं आसंल."

तेवढ्यात धनश्री कॉलेजातून आली. शिडी, काठी आणि बापाचे हात बघून तिने काय चाललंय ते विचारलं, आणि ऐकून कपाळाला हात लावला. "पप्पा, तुम्ही खरंच वर चढलात? आई, कसलं मोहोळ! ती तू आहेस."

"मी काय?"

"तो आवाज तुझा आहे. काम करताना तू गुणगुणतेस. कायम."

पंकजाला आधी वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. मग धनश्रीने मोबाईलवर वाढदिवसाचा जुना व्हिडिओ लावला. केक दिसत होता, गोजरबाई दिसत होत्या, आणि कुठेतरी मागे, ताटं मांडणाऱ्या पंकजाच्या दिशेने, हुंऽऽ हुं हुंऽऽ.

तिचा चेहरा उतरला. "सगळीकडं करते मी हे? देवळात? लग्नात?"

कल्याण शिडी उचलायला वळला. म्हणजे करत होती.

तिला एकेक आठवू लागलं. शाळेत बाईंनी उगाच मागच्या बाकावर बसवलं होतं. एस.टी.त माणसं वळून बघायची. भावाच्या लग्नात तर कुणीतरी तिचा दंड दाबला होता, आणि तिला वाटलं होतं, मायेने दाबला.

"आन् तुमी," ती कल्याणला म्हणाली, "तापल्या पत्र्यावर चढलात, पर सांगितलं न्हाई."

ती आत गेली. त्या दिवसापासून पंकजाने ओठ घट्ट मिटून काम करायला सुरुवात केली. काही दिवस घर अगदी चिडीचूप झालं.

पहिली कुरकुर गोजरबाईंनी केली. त्यांना आता दूरचं नीट दिसत नसे. इतकी वर्षं सून स्वयंपाकघरात आहे की मागच्या दारी, हे त्यांना त्या गुणगुणण्यावरून कळायचं. आता त्या ओट्यावर बसून सारख्या हाका मारू लागल्या. "पंकजा, कुठं हायेस?" पंकजाला आता ऐकू येत असल्यामुळे उत्तर द्यावं लागे. "हितंच हाय, आत्या!" पाच मिनिटांनी पुन्हा, "पंकजाऽ!"

दुसरी कुरकुर हरणीची, आणि ती जास्त महागात पडली. हरणी पान्हा चोरू लागली. पंकजा कासेला हात लावायची, वासरू सोडायची, पेंड पुढे ठेवायची, पण गाय आपली मान वळवून तिच्याकडे बघत राहायची आणि अर्ध्या बादलीवर दूध आटायचं. तिसऱ्या दिवशी तिने लाथ झाडली आणि बादली गोठ्याच्या कडेला जाऊन पडली.

"आसं कर, तू ऱ्हाऊ दे," कल्याण म्हणाला. "मी बसतो." तो बसला, घसा साफ केला आणि बायकोसारखं गुणगुणायचा प्रयत्न करू लागला.

पंकजा दाराशी उभी होती. नवऱ्याला गाताना ती आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती. तो आवाज बारीक सुरू व्हायचा, मधे कुठेतरी फाटायचा आणि शेवटी घशातच अडकायचा. हरणीने कान मागे घेतले. बाजूच्या दोन्ही गाई उभ्या राहिल्या.

"बास करा!" पंकजा ओरडली. "अहो, बास! तिचं हाय नाय ते दूध जाईल!"

ती हसायला लागली, आणि इतक्या दिवसांचं मिटलेलं तोंड उघडल्यामुळे की काय, तिला थांबताच येईना. कल्याणही हसला. मग ती त्याच्या शेजारी, पेंडीच्या पोत्यावर बसली.

"खरं सांगा. कुठलं गाणं हाय ते?"

"गाणं न्हाई. कुठलंच न्हाई. तुझं तुझंच हाय." तो बादलीच्या कडीशी चाळा करत म्हणाला. "लग्न झाल्यावर मला आदी वाटलं, तू रागात हायेस. गुरगुरतीयेस. मग बघितलं, तू खुशीत आसलीस का जास्त करतीस. दमलीस का कमी. भांडन झालं का बंद. मला न इचारता कळायचं सगळं."

"मग कंदी सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं आसतं तर तू बंद केलं आसतंस. आता केलंस तसंच."

पंकजाने हरणीकडे बघितलं. मग म्हणाली, "लोकं हसत हुती आसतील."

"हसली एखाद-दोन. माझ्यासमोर पुन्हा हसली न्हाईत." त्याने बादली तिच्यापुढे सरकवली.

ती हरणीपाशी बसली. मुद्दाम हुं करून बघितलं. तिला स्वतःलाच ते खोटं वाटलं. गाईनेही शेपटी तेवढी हलवली. तेव्हा तिने दोन्ही मशीनं काढली, कल्याणच्या हातात दिली आणि डोकं हरणीच्या पोटाला टेकून धार सुरू केली. तिला ओळखीची शांतता परत आली. थोड्या वेळाने बादलीत फेस चढू लागला. तिने मान वर केली तेव्हा कल्याण तिच्याकडे बघून मान डोलवत होता, त्यावरून तिला कळलं की सुरू झालं.

पुढे आठवडाभर तिने धार मशीनं काढूनच काढली. मग एका सकाळी ती मशीनं काढायला विसरली आणि अर्ध्या बादलीवर तिला तो आवाज ऐकू आला. या वेळी ती थांबली नाही. ऐकत राहिली. आवाज जरा मोठा वाटला म्हणून तिने तो खाली आणला, आणि तो आला खाली. असं करता येतं हे तिला नवीनच होतं. हरणीची काही तक्रार नव्हती. घरात धनश्री अभ्यासाला बसली की "आई, जरा," एवढंच म्हणायची आणि पंकजा थांबायची. कुट्टीचं मशीन लावलं की मात्र ती खुशाल कानातली मशीनं काढून डबीत ठेवायची. बाकीच्यांना तसं करता येत नाही याचं तिला थोडं वाईटही वाटायचं.

पुन्हा नगरला जायची वेळ आली तेव्हा गोजरबाईंनीही लुगडं बदललं. "मी बी येते. माझंबी कान बघून घेऊ."

भार्गवी मॅडमनी पंकजाला विचारलं, "काय त्रास आहे?"

"त्रास न्हाई. फ्रिज अजून आवडत न्हाई. आन् मी गुणगुणते, म्हनं. ते बंद करावं लागंल का?"

"कुणाला त्रास होतो?"

पंकजाने जरा विचार केला. "झाला तर सांगतील. आता मला ऐकू येतंय."

"मग झालं तर," भार्गवी मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी मशीनचा आवाज थोडा वाढवून दिला.

त्यानंतर गोजरबाईंना काचेच्या खोलीत बसवलं. डोक्यावर हेडफोन आणि हातात बटण. "आजी, बारीक आवाज आला की दाबायचं." गोजरबाईंनी डोळे मिटले आणि बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग दाबतच राहिल्या.

"आजी, मी अजून सुरूच नाही केलं!" भार्गवी मॅडम काचेच्या अलीकडून म्हणाल्या.

"मला येतंय ऐकू!" आतून गोजरबाई ठसक्यात म्हणाल्या. "तुमी तुमचं सावकाश सुरू करा!"

बाहेर बाकावर बसलेल्या पंकजाला हे सगळं, काचेतून गाळून आलेलं का होईना, शब्द न् शब्द ऐकू आलं, आणि कुणाच्याही ओठांकडे न बघता ती हसली.