हाड जुळेपर्यंत

भिमाजी शितोळे वकिलांचा अपघाताच्या केसमधला एकच मंत्र होता, आणि तो त्यांनी पस्तीस वर्षं शिरूरात येणाऱ्या प्रत्येक लंगडत्या पक्षकाराला ऐकवला होता. आधी हाड जुळू द्या, मग अर्ज टाकू. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. हाड जुळलं की डॉक्टर कायमचं अपंगत्व किती टक्के ते लिहून देतात. तो दाखला हातात नसताना कोर्टात गेलं, तर विमा कंपनीचा वकील अर्जाची चाळण करतो. शिवाय भिमाजींच्या उमेदीच्या सगळ्या काळात अपघाताच्या दाव्याला मुदत अशी नव्हतीच. मग घाई करायची ती कशाला? एसटी स्टँडमागच्या त्यांच्या ऑफिसात एक लोखंडी कपाट निव्वळ जुळायच्या हाडांसाठी राखून ठेवलेलं होतं.

अशा माणसाला दौंडच्या वकील मंडळींनी 'अपघात कायद्यातले नवे बदल' ह्या विषयावर बोलायला बोलावलं, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. भिमाजींना तर मुळीच नाही. ते पत्र त्यांनी टेबलाच्या काचेखाली अशा बेतानं सरकवलं, की समोर बसणाऱ्याला ते सुलट दिसावं. आणि भाषणाची टिपणं काढायचं काम ज्युनिअरवर सोपवून मोकळे झाले.

ज्युनिअर म्हणजे सायली गव्हाणे, रांजणगावची. दोन वर्षं त्यांच्या हाताखाली होती, बोलायची कमी आणि वाचायची फार. सोमवारी सकाळी ती टिपणं घेऊन आली, पण खुर्चीत बसली नाही.

"सर, मुमताजबाईंचा अपघात कवा झाला?"

"एप्रिलमधी. का गं?"

"आन् आता जानेवारी लागला." तिनं पुस्तक उघडून त्यांच्यापुढं सरकवलं. "दोन हजार बावीसच्या एप्रिलपास्नं सहा महिन्यांची मुदत लागू झालीय. अपघात झाल्यापास्नं सहा महिन्यांत अर्ज आला न्हाई, तर तो घ्यायचाच न्हाई."

"ते मला ठाऊक हाय," भिमाजी म्हणाले.

ते निम्मंच खरं होतं. असं काहीतरी आल्याचं त्यांनी बार रूममध्ये चहा पिता पिता ऐकलं होतं. पण अलीकडं त्यांच्याकडं जुनेच अपघात चालू होते, नवे लोक पुण्याचे वकील गाठायचे. आणि मुदत उलटली तर उलटली, उशीर माफ करण्याचा अर्ज द्यायचा, दवाखान्याचं कारण लिहायचं, कोर्ट माफ करतं, हा त्यांचा हिशेब होता.

"माफीची ओळ कुठं हाय त्यात, तेवढी दाखवा मला," सायली म्हणाली.

भिमाजींनी चष्मा पुसला. कलम वाचलं, पुन्हा वाचलं, पान उलटून मागंही पाहिलं. जुन्या कायद्यात कधीकाळी असलेली ती ओळ नव्या कलमात नव्हती.

मुमताज शेख शिक्रापूरला खानावळ चालवायची. कंपनीतली पोरं दोन वेळा जेवायची, आणि रोज शे-सव्वाशे भाकरी ती एकटी थापायची. एप्रिलमध्ये चौकात एका ट्रकनं तिची स्कूटर उडवली. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं, आत स्टीलची पट्टी बसली, आणि पीठ मळणं कायमचं संपलं. नुकसानभरपाईचा दावा एवढाच तिचा आधार होता. त्यासाठी तिनं भिमाजींना चार वेळा फोन केला होता, आणि चारी वेळा त्यांनी तिला तोच मंत्र ऐकवला होता. आता दावा बुडाला, तर तो ट्रकवाल्यानं नाही, तिच्याच वकिलानं बुडवला असता.

"एक दार उघडं हाय," सायली म्हणाली. "ह्या मुदतीलाच सुप्रीम कोर्टात आव्हान दिलंय. त्याचा निकाल लागंस्तवर नुसता उशीर झाला म्हणून कुठलाबी अर्ज फेटाळू नका, असं कोर्टानं सांगितलंय. पर दार कवा बंद हुईल ते सांगता येत न्हाई. ह्याच आठवड्यात शिरायचं."

"आन् अपंगत्वाचा दाखला?"

"मागनं देता येतो, सर. तो असल्याबिगर अर्ज टाकायचा न्हाई, असं कुठं लिहिलंय?"

कुठंच लिहिलं नव्हतं. पस्तीस वर्षं ते फक्त भिमाजींच्या तोंडी होतं.

आता खरं सांगायचं तर, गप्प बसण्याचा मोह त्यांना झाला. मुमताजला बोलवायचं, हाड जुळलं, आता टाकू म्हणायचं, सही घ्यायची. तिला कोण सांगायला जातंय? हा विचार त्यांच्या डोक्यात चांगला दुपारपर्यंत मुक्काम ठोकून होता. पण उद्या निकाल उलटा लागला, तर त्या बाईला ते कोर्टात उभं राहून कळणार, आणि तेव्हा तिच्याकडं बघायचं कसं? तीन वाजता ते उठले. "चल," सायलीला म्हणाले, "शिक्रापूरला जाऊन येऊ." वकील पक्षकाराच्या दारी जात नाही, हाही त्यांचाच एक नियम होता. तोही त्या दिवशी मोडला.

खानावळीत दुपारची गर्दी ओसरली होती. मदतीला ठेवलेली नकुशी ताटं घासत होती, मुमताज डाव्या हातानं कांदे निवडत होती. भिमाजींनी आडवळण न घेता सगळं सांगितलं, दौंडच्या भाषणाची टिपणं काढताना सायलीला हे सापडलं तेही. मुदत सहा महिन्यांची होती, ती गेली, चूक माझी.

मुमताजनं कांदा खाली ठेवला. "चार येळा फोन केला मी तुमाला."

"केला."

"तुमी काय म्हणला? बाई, कायदा तुमाला कळत न्हाई."

"म्हणलो."

ती भडकली, आणि भडकायला हवंच होतं. तिनं वकिलाला असं काही झापलं, की नकुशीनं नळ बंद करून ऐकलं. भिमाजी मान खाली घालून बसले. आजवर उलटतपासणीत साक्षीदारांना कसं वाटत असेल, ते त्यांना त्या बाकावर कळलं.

"माझी केस ह्या पोरीनं चालवायची," शेवटी मुमताज म्हणाली. "तुमी तिच्या मागं बसायचं. तिनं हाक मारली तर उठायचं."

"बरं," भिमाजी म्हणाले.

"आन् दौंडला भाषाण हाय म्हणं तुमचं? तितं माझं सांगा. नाव घिऊन सांगा."

मग तिनं वकीलपत्राचा कागद पुढं ओढून उजव्या हातानंच सही केली. चार अक्षरांना बराच वेळ लागला. भिमाजींना ते बघवलं नाही, आणि तरीही त्यांनी नजर हलवली नाही.

शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत दौंडची बार रूम भरली होती. सायली अर्ज घेऊन पुण्याला अपघात दाव्यांच्या ट्रायब्युनलमध्ये गेली होती. अध्यक्षांनी ओळख करून देताना भिमाजींना अपघात कायद्याचं चालतंबोलतं विद्यापीठ म्हटलं. विद्यापीठ उठलं, टिपणं मिटून ठेवली आणि म्हणालं, "माझ्या पक्षकाराचं नाव मुमताज शेख. तिच्या अर्जाची मुदत घालवली, ती मी."

कुणाच्या तरी हातातला चमचा बशीत वाजला. भिमाजींनी कलम सांगितलं, माफीची ओळ नाही ते सांगितलं, सुप्रीम कोर्टाचा आदेश सांगितला, आणि त्यावर विसंबून झोपू नका हेही सांगितलं. मग विचारलं, "हाड जुळायची वाट बघत बसलेली फाईल कुणाकुणाच्या कपाटात हाय? हात वर करा."

वकील कशालाही हात वर करील, स्वतःच्या चुकीला नाही. सगळे एकमेकांकडं बघत राहिले. मग पुढच्या रांगेतल्या गोकुळ जगदाळ्यांनी, भिमाजींहून पाच वर्षांनी मोठ्या माणसानं, सावकाश हात वर केला. त्यामागून प्रगती नावाच्या तरुण वकिलीणबाईंनी. बघता बघता अकरा हात झाले. बटाटेवडे आले तेव्हा तिघं जण न खाताच आपापल्या ऑफिसकडं पळाले होते, आणि इतका आनंद भिमाजींना कुठल्याही टाळीनं झाला नव्हता.

तेवढ्यात सायलीचा फोन आला. अर्ज दाखल झाला होता, केसचा नंबरही पडला होता. भिमाजी व्हरांड्यात गेले आणि त्यांनी मुमताजला फोन लावला.

"बाई, नंबर पडला."

"टिकंल का?"

"ते मला ठाऊक न्हाई," भिमाजी म्हणाले. हे वाक्य त्यांनी कुठल्याही पक्षकारापुढं आजवर उच्चारलं नव्हतं, आणि उच्चारल्यावर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. "निकाल लागंस्तवर फेटाळणार न्हाईत, येवढं खरं. फुडं आमी दोघं झटू."

"माझं सांगितलं का तितं?" मुमताजनं विचारलं.

"नाव घिऊन सांगितलं. अकरा जणांनी हात वर केला."

"अकरा?" ती हसली. एप्रिलपासून तिचं हसणं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. "मग तारखेला तुमीबी या, आप्पा."

वकीलसाहेबाचे ते आप्पा झाले होते. "येतो की," ते म्हणाले. "तारीख कुठली पडली, ते सायलीला इचारून कळवतो."