ढोलीमागची भिंत

दहाव्याच्या दिवशी घर सारवायला रंभाकाकू शेणाचं घमेलं घेऊन आत आली, तेव्हा मी धानाच्या ढोलीमागच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

"एवढी भिंत ठेवा, काकू."

"सुतक फिटाचं आहे, पोरी. अर्धं घर सारवतेत काय?"

ओसरीवर बाबांजवळ गुणवंतराव बसले होते. तापावर मंतरलेला गंडा बांधणारे गावात तेच. छपन्न सालच्या त्या भादव्यात आईला ताप आला, तिनं गंडा बांधून घेतला नाही आणि आठव्या दिवशी ती गेली. तेव्हापासून बाबा एकच बोलत होते. "म्या जबरीनं बांधला असता, त वाचली असती."

"हट्टानं गेली मनकर्णा," गुणवंतराव म्हणाले. "पन लटारूभाऊ, तुले त समजाले पाह्यजे होतं."

मी मूल गावच्या शाळेत शिकवते, पुस्तकंही पुष्कळ वाचली. पण एखादी समजूत तपासावी कशी, ते मला निरक्षर आईनं शिकवलं. मी दोघांना आत बोलावलं.

भिंतीवर ठिपक्यांच्या दोन ओळी होत्या. वरच्या ओळीच्या सुरुवातीला गंड्याचा तुकडा मातीत रोवलेला. ती ओळ गंडा बांधलेल्यांची, खालची न बांधलेल्यांची. माणूस बरा झाला की चुन्याचा ठिपका, गेला की कोळशाचा. सहा वर्षं आईनं गावातला प्रत्येक मोठा ताप असा क्रमानं टिपला होता. ती म्हणायची, "बरे झाले ते गंडा दाखवत फिरतेत. मेले ते कुठी दाखवतेत? अन् बिनगंड्याचे उठले, त्याईले कोन विचारते?"

मी मोठ्यानं मोजलं. वर एकवीस पांढरे, सात काळे. खाली बारा पांढरे, तीन काळे.

"तुह्या मायचा कुठी हाय?" गुणवंतराव हसले. "घरचा लपवला काय?"

मी चुलीतला कोळसा आणला. खालच्या ओळीत ठिपका दिला, तो बारीक उमटला. पुन्हा गिरवून इतरांएवढा केला.

"आता चार. वर चारांत एक गेला, खालीही चारांत एक."

"भिंतीले ताप समजते काय?"

"नाही समजत. गंड्यालाही नाही."

"मंग कायनं मेली ते?"

"तापानं. बाबांमुळे नाही."

बाबा पुढे आले. वरच्या ओळीतल्या काळ्या ठिपक्यांवरून त्यांचं बोट सरकत गेलं आणि एकावर थांबलं.

"हा शेजारचा पोचू?"

"हो."

"त्याले त दोन गंडे होते."

गुणवंतरावांनी पागोटं सारखं केलं आणि ते ओसरीकडे वळले.

"रंभा," बाबा म्हणाले, "थे भिंत राहू दे."

काकूनं उरलेल्या तीन भिंती सारवल्या. मग बाबांनी आणि मी मिळून ढोली भिंतीपासून दूर ओढली. आता दारातून येणाऱ्याला दोन्ही ओळी दिसतात.