पडेगावच्या भोंग्याचा सूड

मी एक जुना, कडेला चेपलेला भोंगा आहे, मित्रांनो, आणि मनात अढी धरून बसलो आहे. ती सुटावी असं मला वाटतही नाही.

कारखान्यातून आलो तेव्हा मी चकचकीत होतो. रिक्षाच्या टपावर बसून मी वराती गाजवल्या, हरवलेल्या म्हशींची दवंडी दिली. आवाज खणखणीत आहे, असं लोक म्हणायचे. मला त्याचा गर्व होता.

मग कोरोना आला. जनजागृतीचं काम आप्पासाहेबांना मिळालं. पडेगावात त्यांची जमीन, बंगला, शब्दाला वजन. माइक धरून ते स्वतः रिक्षात बसायचे. सकाळी शहरातल्या गारखेड्यात, सोसायट्यांसमोर ते गोड आवाजात सांगायचे, "नागरिकहो, घाबरू नका. ताप आल्यास फोन करा, डॉक्टर घरी येतील." दुपारी पडेगावच्या बौद्ध वस्तीत शिरलो की तोच माणूस खेकसायचा, "ताप लपवाल तर उचलून नेऊ. घराला कुलूप ठोकू." वर वीस सेकंद हात धुण्याचा उपदेश. तिथे टँकर आठ दिवसांनी यायचा. शब्द त्यांचे होते, पण घसा माझा होता.

वस्ती एकच गोष्ट शिकली. रिक्षा वाजली की आतून कडी लावायची.

कडुबा गवंडी तापाने फणफणला होता. माझी रिक्षा त्याच्या दाराशीच थांबली होती. बोळात वळताना त्याच्याच पत्र्याला आदळून माझी कड चेपली होती. पत्र्याच्या भिंतीआडून त्याची बायको भामाबाई म्हणाली, "अवो, उठा. दवाखान्यात जाऊ."

"नाय. नेलं तर वापस कोण आलंय? कडी लाव."

कडी लागली. तिसऱ्या दिवशी कडुबा गेला. आप्पासाहेबांचा मात्र पुढे शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. मला भंगारात टाकलं.

भंगाराच्या गोदामात भामाबाई पत्रा निवडायची. माझी चेपलेली कड तिने ओळखली. आता ही मला दगडाने ठेचणार, असं वाटलं, आणि ते रास्तच होतं. तिने मला पदराने पुसलं आणि मालकाकडून मागून घेतलं.

यंदा वस्तीत डेंग्यू पसरला. आरोग्य केंद्राची आशाताई विशाखा घरोघर फिरली, पण दारं उघडेनात. तेव्हा भामाबाईने मला विहाराच्या गच्चीवर बसवलं, माझं तोंड आप्पासाहेबांच्या बंगल्याकडे वळवलं आणि माइक हातात घेतला.

"मी भामाबाई बोलते. ताप आला तर कडी काढा. इशाखाताई आपली हाय, मी संगं येते. माझा कडुबा तापानं नाय, आप्पासाहेबाच्या धाकानं गेला. आता कुणी जायचं नाय."

दारं उघडली. सात जण दवाखान्यात गेले, सातही चालत परतले.

भामाबाई रोज सकाळी हेच बोलू लागली. बंगल्याच्या खिडक्या मात्र बंद झाल्या. मला लई बरं वाटलं. चौथ्या दिवशी आप्पासाहेबांचा गडी कचरू निरोप घेऊन आला. "मालक म्हणतेत, नवा भोंगा देतो. फकस्त नाव गाळा."

भामाबाई म्हणाली, "नवा नको. ह्यालाच त्यांचं नाव पाठ झालंय."

मित्रांनो, भोंग्याला गंजू देऊ नका, हे तर मी सांगेनच. पण त्याआधी माणसाशी बोलताना जपा. धाक दाखवलेला माणूस शहाणा होत नाही, तो दार लावून घेतो. आणि ज्याने माझ्या घशातून धाक घातला, त्याला माझी माफी नाही. रोज सकाळी आठ वाजता मी त्याला उठवतो.