जत्रेची गोळी

रंभाबाईंनी बशीत गोळी ठेवली आणि बशी सुनेपुढं सरकवली.

"गौतमे, आजपासनं चालू कर. मंगळवारी जत्रा हाय."

माण गावातल्या या घराला गावदेवीच्या पहिल्या ओटीचा मान. तो राखायचा म्हणून थोरल्या सुनेनं गोळ्या खाऊन पाळी पुढं ढकलायची. जत्रा आली, गौरी आल्या, भाडेकरूंसाठी चढवलेल्या मजल्याची वास्तुशांत आली, की बशी पुढं यायचीच. सोळा वर्षं गौतमी मुकाट गिळत आली होती.

म्हणूनच तर डॉक्टरांपुढं घोळ झाला. तिच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांत ट्यूमरची गाठ निघाली, लाखात एखाद्याला होणारी. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हार्मोनच्या गोळ्या घेता का? गौतमी ठामपणे नाही म्हणाली. तिच्या लेखी ते औषध नव्हतंच, हळदकुंकवासारखं पूजेचं सामान होतं. मग गाठीच्या तुकड्याचा रिपोर्ट आला. बायकांच्या शरीरातला हार्मोन जिथं चिकटतो, तशा जागा त्या गाठीत सापडल्या.

"या आजाराचं आम्हालाही पुरतं कळलेलं नाही," बाई म्हणाल्या, "पण बाहेरून हार्मोन देऊन गाठीला पोसायला नको. पाळी लांबवायची गोळीसुद्धा बंद."

गौतमीशेजारी तिचा नवरा किशोर बसला होता. त्यानं सगळं ऐकून मान डोलावली होती.

"आत्याबाई, डॉक्टरांनी बंद केलीया ही गोळी," आता ती म्हणाली.

"मंग किशोरनं कशाला आणली मेडिकलातनं?"

किशोरनं मोबाईलमधून डोकं वर काढलं नाही. "चार दिसांनी काय व्हतंय? भावकीत त्वांड दाखवायचं हाय मला."

तिला त्याची किळस आली. त्याच्या नखांची, अंगाच्या वासाची, ज्या पलंगावर ती त्याच्याजवळ निजत होती त्या पलंगाचीसुद्धा. गाठ तरी आंधळी होती. हा डोळ्यांनी रिपोर्ट वाचून आला होता. तिनं बशी मागं ढकलली.

"ऱ्हाऊ दे तुझी थेरं," रंभाबाई फणकारल्या. "देवीला कुमारिका बी चालती. जुईले, तुझी तारीख कवा गं?"

चौदा वर्षांची जुईली खाली बघत पुटपुटली, "सोमवारी."

किशोर उठला. त्यानं तीच बशी उचलली आणि स्वतःच्या लेकीपुढं धरली.

गौतमीनं बशीवर असा हात मारला, की ती भिंतीवर जाऊन फुटली. लेकीचं मनगट धरून ती तरातरा अंगणात आली. जत्रेचं ठरवायला भावकीतले चौघे चहा घेत बसले होते.

"यंदा आमच्या घरची वटी न्हाई," ती मोठ्यानं म्हणाली. "मला आन् माझ्या लेकीला पाळी येणार हाय. आमी ती ढकलणार न्हाई."

चौघांनी तोंडं कपात घातली. आत रंभाबाईंनी अब्रू गेली म्हणून गळा काढला होता. गौतमीनं वळून दारातून पाहिलं. किशोर गुडघ्यांवर बसून फ्रिजखाली हात घालत होता. गोळी सापडली. धूळ फुंकून त्यानं ती शर्टाच्या खिशात ठेवली.