काडी मोडल्यावर उरलेले देणे

मित्रांनो, सांगलीच्या एका भंगारवाल्याच्या आवारात, गंजक्या पत्र्यांना टेकून उभा असलेला मी एक जुना यंत्रमाग आहे. आडवे सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा माझा धोटा कोणीतरी नेला. धोट्यावाचून माग म्हणजे जिभेवाचून तोंड. तरीही बोलतो आहे, कारण मला लवकरच फोडायला घेणार आहेत.

कोल्हापूरच्या भट्टीत मी ओतला गेलो. एकाहत्तर साली दादासो आणि रंगुबाई या जोडप्याने मला माधवनगरात आणले. रंगुबाई म्हसवडकडची. तिच्या बापाने मेंढरे विकून लेक-जावयाला दोन खोल्या घेऊन दिल्या होत्या; म्हणून घर दोघांच्या नावावर होते. पुढच्या खोलीत मी, मागच्या खोलीत चूल. दादासो मला चालवी, रंगुबाई कांड्यांवर सूत भरी. व्यापारी कापडाची कड बोटांत धरून म्हणत, "किनार लय सरळ हाय गड्या." खंडेनवमीला ती मला कुंकू लावी, तेव्हा माझ्या थंड लोखंडालाही आपण या घरातले आहोत असे वाटे.

पुढे दादासोला आणखी माग हवेसे झाले. पतपेढीचा कारकून कर्जाचा कागद घेऊन आला. घर आणि मी, दोघेही गहाण पडणार होतो. दादासोने सही केली.

"वैनी, तुमचाबी अंगठा लागतुय," कारकून म्हणाला. " घर दोघांचं हाय."

रंगुबाई पिठाचे हात पुसत आली. पूजेला बसल्यावर बायको नवऱ्याच्या हाताला हात लावते, तेवढेच तिला ते वाटले, आणि तिने अंगठा उठवला. कागद तिला कोणी वाचून दाखवला नाही.

सूत महागले. कापड पडून राहिले. नवे माग आले तसेच गेले. दादासो घरी येईनासा झाला. इस्लामपुरात त्याने दुसरा संसार मांडल्याचे कळले. तेव्हा त्यांच्या समाजाच्या रिवाजाप्रमाणे पंच बसले. माझ्या शेजारीच घोंगडे अंथरले होते. काडी मोडून पंचांनी लग्न मोडले आणि निवाडा दिला: घर आणि माग रंगुबाईचे, देणे दादासोचे. दादासोने मान डोलावली. इतक्या चटकन, की मला ते बरे वाटले नाही. रंगुबाईला मात्र वाटले, आता सारे मिटले.

ती स्वतः मला चालवायला शिकली. प्रथम सूत तुटे, तिचा धीर तुटत नसे. हळूहळू किनार पुन्हा सरळ उतरू लागली. अशात एके दिवशी पतपेढीचे वसुली अधिकारी लालासाहेब दारात उभे राहिले.

"दादासोला कोर्टानं नादार ठरवलं, बाई. त्येच्याकडनं कायबी निघत न्हाई. आता समदं कर्ज तुमी फेडायचं."

"आमची काडीमोड झाल्या. देणं त्येंचं हाय. पंचांस्नी इचारा."

"पंचांच्या बैठकीला आमाला कुणी बोलावलं हुतं? कागदावर दोन नावं हायती. एक बुडालं, तर दुसऱ्यानं द्यायचं. निम्मं न्हाई, समदं."

"म्हंजे पळाला त्यो सुटला, आन् राबत्या ती घावली व्हय?"

लालासाहेब खाली बघत म्हणाले, "जे घावतंय, त्येच्याकडंच यावं लागतंय."

तिने निरोप धाडला, तेव्हा दादासो एकदा आला. उंबऱ्याबाहेरच थांबला.

"या पाव्हणं," रंगुबाई म्हणाली. "पानी देऊ?"

"पंचांपुढं देणं माझंच म्हनलो हुतो, रंगे. पर माझ्यापाशी कायच न्हाई, तर देऊ काय?"

"पंचांनी पदरात घातल्यालं देणं तुमी कोर्टात झटकून आलासा. ते माझ्या दारात येऊन पडलंय."

तो पाणी न पिताच गेला.

शेवटी पतपेढीने घर आणि मला लिलावात काढले. लिलावाच्या सकाळीही ती मला चालवत होती. बेलिफाने पट्टा उतरवला आणि माझा आवाज थांबला. त्या घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. माझ्या अंगावरचे अर्धे विणलेले कापड तेवढे कापून घेऊ का, तिने विचारले.

"तेबी जप्तीत हाय, बाई."

तिने कात्री खाली ठेवली. घर एकाने घेतले, मला दुसऱ्याने. त्याने मला परसात उघड्यावर टाकले. पावसाने माझी हाडे खाल्ली, मग मी इथे आलो. घराची आणि माझी किंमत मिळूनही कर्ज पुरते फिटले नाही. रंगुबाई आता परक्यांच्या मागावर कांड्या भरते, आणि पगाराच्या दिवशी लालासाहेब तिथेही जाऊन उभे राहतात.

मित्रांनो, यंत्राला तेल द्या, त्याला पावसात टाकू नका, हे तर मी सांगेनच. पण त्याआधी एक मागणे आहे. तुमच्या घरी कोणी कागद घेऊन आला आणि आई चुलीपुढून उठून आली, तर तो तिला आधी मोठ्याने वाचून दाखवा, शेवटच्या ओळीपर्यंत. तुम्हाला वाचता येते. त्या दिवशी आमच्या घरातला वाचता येणारा एकटा दादासोच होता.