पाय आत जावा म्हणून

बाळंतपणाला मी नागपूरला माहेरी आले, तेव्हाच बाबांनी ठरवून टाकलं होतं. बाळाला आणि मला काटोलला सासरी सोडायला ते स्वतः येणार, आणि तेही आपली फियाट चालवत.

अडचण एकच होती. हिवाळ्यात त्यांच्या डाव्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. क्लच दाबण्याइतका पाय बरा झाला, पण आत बसताना तो पुरता दुमडेना. फियाटचं स्टेअरिंग परातीएवढं. त्याची खालची कड आणि सीट यांच्यामध्ये गुडघा अडकायचा. एकदा असे अडकले, की माझ्या भावाला, अंकितला, काखेत हात घालून त्यांना बाहेर काढावं लागलं. 

"गाडी मी नेतो ना," अंकित म्हणाला.

"तू तुह्या पोरीले नेजो. हिले मी नेईन."

"त्याचं लग्न तं होऊ द्या आधी," आई म्हणाली.

शेवटी जरीपटक्याचा प्रशिक आला. तो जुन्या गाड्यांचंच काम करतो. त्यानं मोठं स्टेअरिंग काढलं आणि छोटं, खालून सपाट असलेलं बसवून दिलं. बाबांनी पोर्चमध्येच बसून दाखवलं. आधी डावा पाय, मग बाकीचे बाबा. उतरून दाखवलं. पुन्हा बसले.

"नवरदेव घोड्यावर चढून राहिला जसा," आई म्हणाली.

"पाहून घे. घोडा जुना हाय, नवरदेव नवा हाय."

माझ्या तान्ह्या अबोलीला मांडीवर घेऊन मी पायरीवर हसत बसले होते. प्रशिक म्हणाला, "काका, एक चक्कर मारून पाहा ना. छोटं स्टेअरिंग हाताले जड जाते."

"मले शिकवतं का गा? तुह्या जन्माच्या आधीपासून चालवून राहिलो मी."

आम्ही सगळेच हसलो. सगळ्यांचं लक्ष पायाकडे होतं. ऑपरेशननंतर त्यांचे दंड किती उतरले होते, शर्टाचे खांदे कसे खाली ओघळत होते, हे घरात रोज दिसत होतं. पण गाडी चालवायला हात लागतात, हे आमच्या कुणाच्या मनातच आलं नाही.

निघायच्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. आईनं माझी ओटी भरली, डिंकाच्या लाडवांचा डबा आणि भिवापुरी तिखट डिक्कीत ठेवलं. ती पुढं बसली, मी अबोलीला घेऊन मागं. अंकित मोटारसायकलवर मागून येणार होता.

आमच्या फाटकातून बाहेर पडलं की लगेच उजवीकडे वळावं लागतं. गल्ली अरुंद, समोर इंदुताईंची भिंत. बाबांनी स्टेअरिंग फिरवलं. ते अर्ध्यावर आलं आणि थांबलं. बाबांनी दोन्ही हातांनी जोर लावला. मला मागून त्यांची मान दिसत होती; शिरा ताठ झाल्या होत्या. गाडी भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबली. मागं घेतली, पुन्हा पुढं, पुन्हा तिथंच. एक स्कूटरवाला हॉर्न देत थांबला.

इंदुताई गॅलरीत आल्या. "काय झालं वं?"

"काही नाही, निघून राहिलो," आई म्हणाली. मग हळूच बाबांना, "जरा दम घ्या."

बाबांनी आरशातून अबोलीकडे पाहिलं. मी तेव्हा तिचं टोपरं सारखं करत होते. त्यांनी गाडी बंद केली, दार उघडलं आणि उतरले. इतके सहज उतरले, की मला काही बोलायला अवसरच मिळाला नाही. जुनं स्टेअरिंग असतं तर पाय अडकला असता, ते थोडे चिडले असते, आणि तेवढ्यात मी म्हटलं असतं, बाबा, बसा, आपल्याला कुठं घाई आहे.

"अंकित, घे बाप्पा," ते म्हणाले. माझ्या बाजूचं दार नीट लागलं नव्हतं. त्यांनी ते आपटलं नाही. बाळ दचकेल म्हणून तळहातानं दाबून लावलं. मग मोटारसायकल ढकलत आत नेली.

काटोल रोडला लागेपर्यंत अंकितच्या कपाळावर घाम आला होता. "लैच जड हाय हे," तो म्हणाला. "खांदे भरून आले माहे."

मी लगेच बाबांना फोन लावला. मला वाटलं, हे ऐकून त्यांना बरं वाटेल.

"बाबा, अंकितलेही जमून नाही राहिलं. जवान पोरगा, तोही थकला."



"मग त्याले म्हणजो, मोठं स्टेअरिंग परत लावून घे," बाबा म्हणाले. "त्याचा पाय जाते आत."